एक दात मागे

मोटारसायकल किक घेईना झाली की आमच्या गल्लीत निदानाला तोटा नसतो. इस्त्रीवाले प्लगवर ठाम, पेपर टाकणारा पोरगा कार्बोरेटरवर. शेजारच्या काकांनी सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही, म्हणून ते 'हल्लीच्या पेट्रोल'वर. माझ्या जुन्या शंभर सीसीच्या गाडीवर हे सगळे उपचार झाले. तरी ती चढावर धापा टाकायची, मध्येच फटाके फोडायची. टायमिंगचं नाव कुणीच घेतलं नाही. वेळ चुकणं हा आमच्याकडे आजार धरत नाहीत.

शेवटी गाडी मिस्त्रींना दाखवली. "किक मात्र छान हलकी झालीय," काका म्हणाले. मिस्त्री गंभीर झाले. "किक हलकी म्हणजे कॉम्प्रेशन गेलं, काका."

त्यांनी मॅग्नेट फिरवून 'टी'ची खूण खाचेसमोर आणली. तेव्हा कॅमच्या स्प्रॉकेटवरची खूणही हेडवरच्या खाचेसमोर हवी. ती मागे रेंगाळलेली. टेन्शनर थकलेला, साखळी सैल आणि स्प्रॉकेट एक दात सरकलेलं.

एकच दात! पण क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक. म्हणजे 28 दातांच्या स्प्रॉकेटचा एक दात कॅमवर 13 अंश, तर क्रँकवर जवळजवळ 26. पिस्टन वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह उघडाच. दाब धरणार कोण? मराठी पाहुणा 'येतो हं' म्हणून उंबरठ्यावर अर्धा तास गप्पा मारतो, तसं व्हॉल्व्हला परवडत नाही. 6000 आरपीएमला त्याला सेकंदाला 50 वेळा उघडून मिटायचं असतं. साखळी आणखी सरकली, तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला गाठतो आणि वाकवूनच सोडतो.

मिस्त्रींनी साखळी-टेन्शनर नवे घातले, खुणा जुळवल्या. मग किकला हात लावू न देता इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं. खुणा पुन्हा समोरासमोर आल्या, तेव्हा कुठे टॅपेट लावले. तेही कॉम्प्रेशनच्या 'टी'वर. कारण 'टी' दर फेऱ्याला येते, पण दोन्ही व्हॉल्व्ह नीट मिटलेले एकाआड एक फेऱ्यालाच सापडतात.

गाडी पहिल्या किकला सुरू झाली. बिलात सुटे भाग वरच्या ओळीत, आणि खाली 'टायमिंग लावणे', त्यापुढे सगळ्यात मोठा आकडा. साडेसातच्या नाटकाला आम्ही निघेपर्यंत आठ वाजले होते. हिनं बिल वाचलं, माझ्याकडे पाहिलं.

"एवढ्या पैशांत तुमचंही लावून घ्यायचं होतं."