सहा महिन्यांचं पेंट शॉप

अमेरिकेत मुलाकडे जाणाऱ्या निवृत्त वडिलांमध्ये काही नायगारा बघतात आणि काही मुलाच्या घरात काय बिघडलंय ते बघतात. पहिल्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, त्यांचे फोटो आपल्याला आलेलेच असतात. दुसऱ्यांना आपण नाना म्हणू. नाना विमानतळावरून घरी येतात, नातीचा पापा घेतात आणि उंबऱ्यातच विचारतात, "हे दार कधीपासून कुरकुरतंय?"

आपले नाना म्हणजे चिंचवडकडच्या एका कारखान्यात उभी हयात पेंट शॉप सांभाळलेला माणूस. विमानतळावरचा अधिकारी राहायला बहुधा सहा महिने देतो. तेवढ्या काळात हाताला काम मिळालं नाही, तर नाना मिक्सर उघडतात.

सुदैवाने मुलगा पीचट्री सिटीत राहतो. जॉर्जियात, अटलांटाच्या दक्षिणेला १९५९ साली स्थापन झालेलं हे गाव गोल्फ कार्टवर चालतं. मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळ्या अशा सुमारे १०० मैलांच्या वाटा गावभर आहेत. त्यांवरून माणसं किराणा आणतात, चर्चला जातात. मॅकिंटॉश हायस्कूलची पोरं कार्ट घेऊन शाळेत येतात. गोल्फ यायलाच हवं अशी अट नाही. नानांच्या चिरंजिवांनी तर अजून गोल्फची काठी हातात धरलेली नाही. त्यांनी एक जुनी कार्ट घेतली आणि अंगणात उन्हात सोडून दिली.

कार्टचा पुढचा भाग, म्हणजे काऊल, मुळात हिरवागार. आता तो तिसऱ्या दिवशीच्या मेथीसारखा दिसत होता. खालच्या काळ्या पट्ट्या पांढुरक्या पडलेल्या. नानांनी बोट फिरवलं, बोटाला भुकटी लागली. चेहरा उजळला.

"जुनी झालीय, बाबा," मुलगा म्हणाला.

"जुनी हे कारण नव्हे. चॉकिंग आहे हे." मग चहा थंड होईपर्यंत व्याख्यान. अतिनील किरण प्लास्टिकच्या लांब साखळ्या कशा तोडतात, वरचा थर ठिसूळ कसा होतो, वगैरे. तेवढ्यात नानींनी खोबरेल तेलाचा बोळा काळ्या पट्ट्यांवर आणि काऊलच्या कडेवर फिरवून सगळं लखलखीत करून टाकलं. नातीने टाळ्या वाजवल्या. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी नोंद घेतली.

शेजारी एक निवृत्त वैमानिक आहे. या गावात निवृत्त वैमानिकांची वाण नाही. त्याचा सल्ला सोपा होता: दुकानातून स्प्रेचा डबा आणा आणि फवारा. त्याने स्वतःच्या कार्टवर तेच केलं होतं. नानांनी त्याच्या बंपरवर नख लावलं, आणि रंगाचा वीतभर पापुद्रा अलगद हातात आला. तो त्यांनी मालकाला अदबीने परत केला. मग उघड्या पडलेल्या जागेवर पाणी शिंपडलं. पाणी पसरेना, थेंब थेंब होऊन उभं राहिलं.

"हे टीपीओ प्लास्टिक. पाणीसुद्धा ज्याच्या अंगाला लागत नाही, त्याला तुमचा रंग लागणार?"

कारखान्यात अशा प्लास्टिकवरून क्षणभर निळी ज्योत फिरवतात. त्याने पृष्ठभाग बदलतो आणि रंग धरतो. नानांनी गॅसची टॉर्च मागितली.

"बाबा, हे घर लाकडाचं आहे," सूनबाई म्हणाल्या. त्या फार बोलत नाहीत.

तेव्हा ज्योतीऐवजी ॲडहिजन प्रमोटर आला. हा प्लास्टिक आणि रंग यांच्यामधला पारदर्शक मध्यस्थ. त्याआधी साबण, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग करड्या घासणीने हलकं घासणं. नगरपालिकेच्या नोंदणीच्या स्टिकरला दुहेरी मास्किंग टेप. आणि या सगळ्यात एप्रिल उजाडला. जॉर्जियाचा वसंत कवींना वाटतो तसा गुलाबी नसतो. तो पिवळा असतो, कारण पाईनचे परागकण ढगांनी उडतात आणि ओल्या रंगाची वाटच बघत असतात. नानांनी गॅरेज ताब्यात घेतलं, धूळ बसावी म्हणून फरशी ओली केली. मुलाच्या आणि सुनेच्या मोटारी बाहेर पिवळ्या होत राहिल्या. नानींच्या नायलॉनच्या साडीला स्थिर विजेच्या संशयावरून प्रवेशबंदी झाली. सूनबाईंच्या केसांच्या सीरमला सिलिकॉनच्या संशयावरून.

पहिला हात मारला आणि काऊलच्या डाव्या कडेला माशाच्या डोळ्यांएवढे खळगे उमटले. रात्री जेवणाच्या टेबलावर चौकशी समिती बसली. सदस्य एकच होते. निष्कर्ष: खोबरेल तेल.

"अहो, पण तुम्हीच धुतलं होतंत ना ते?" नानींनी वाढता वाढता विचारलं.

समितीने काम तहकूब केलं. दुसऱ्या दिवशी तेवढा भाग घासून पुन्हा सुरुवात. प्रमोटरवर रंग ठरावीक मिनिटांत चढवावा लागतो, आणि नेमका तेव्हाच आतून आवाज येतो, "चहा झालाय!" कार्ट्रिजच्या मास्कमधून नाना काय म्हणाले ते कोणाला कळलं नाही, हे एका अर्थी बरंच झालं.

रंग वाळल्यावर परीक्षा. काऊलच्या आतल्या बाजूला ब्लेडने सहा उभ्या, सहा आडव्या रेघा, वर टेप दाबून झटक्यात ओढायची. मुलगा आणि वैमानिक साक्षीला. नानांनी भिंग लावलं आणि दोन्ही हात वर केले.

"झिरो!"

वैमानिकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. होतं असं, म्हणाला, पुढच्या वेळी जमेल. नाना चक्रावले. आयएसओ २४०९ प्रमाणे शून्य म्हणजे एक कणही सुटला नाही, याहून वरचा गुण नाही. मुलाने फोनवर शोधून मांडवली केली. अमेरिकन मानक एएसटीएम डी ३३५९ उलटं मोजतं, तिथे सर्वोत्तम म्हणजे ५बी. "फाइव्ह बी!" वैमानिक ओरडला आणि नानांना मिठी मारली. नानांना मिठी आवडली, पण पाच काही पचलं नाही. त्यांच्या कारखान्यात पाच आला की लाइन थांबत असे.

वैमानिकाची कार्ट दुसऱ्याच दिवशी दारात उभी राहिली. त्यामागे समोरच्या आजीबाईंची. इकडे नव्या काऊलशेजारी स्वतःच्या कार्टचं छत कमालीचं पिवळं दिसायला लागलं. नाना आता संध्याकाळी फिरायला जातात तेव्हा लोकांच्या खिडक्यांची प्लास्टिकची झापं बघतात, आणि जाता जाता एखाद्यावर बोट फिरवतात.

सहावा महिना लागला तेव्हा त्यांनी मुलाकडे मुक्काम वाढवण्याच्या अर्जाची, आय-५३९ ची, चौकशी केली.

"त्यात कारण सविस्तर द्यावं लागतं, बाबा. काय लिहू?"

"लिही, क्लिअर कोट बाकी आहे."

आतून नानींचा आवाज आला, "त्या अर्जात माझं नाव घालू नका. मी ठरलेल्या विमानाने जातेय."