माळ रिकामा नव्हता

मे 2017 मध्ये राजस्थानातल्या भडला सौरपार्कच्या लिलावात युनिटला 2 रुपये 44 पैसे दर निघाला. तो त्या वेळचा नीचांक होता आणि कोळशाच्या विजेपेक्षा स्वस्त म्हणून सगळ्यांना आनंद झाला. आनंद खराच होता. कोळशाची वीज छातीत कशी जाऊन बसते ते चंद्रपूरकरांना विचारा. रात्री दोनला उठून, बॅटरीच्या उजेडात साप-विंचू चुकवत मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणार असेल, तर सौर प्रकल्प हवेतच.

पण त्या दरात काय काय धरलंच नाही, तेही बोललं पाहिजे.

माळढोक पक्षी घ्या. देशात उरलेत दीडशेच्या आत, बहुतेक जैसलमेरच्या बाजूला. नराचं वजन 15 किलोपर्यंत. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे समोरचं फार थोडं दिसतं. सौर प्रकल्पांची वीज वाहून नेणारी तार ध्यानात येईपर्यंत ती अगदी जवळ आलेली असते आणि एवढं जड अंग ऐनवेळी वळत नाही. मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते. म्हणजे एक पक्षी गेला तर भरपाई व्हायला वर्षं लागतात.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये या भागातल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं. खर्च फार आणि उच्च दाबाच्या तारांना तांत्रिक अडचणी, असं सरकारने मांडलं. मार्च 2024 मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला गेला. तांत्रिक अडचण समजू शकते. खर्चाचं कारण मात्र पटत नाही. पक्षी वाचवायचा खर्च धरल्यावर जी वीज महाग होते, ती आधीही स्वस्त नव्हती. तिचं बिल दुसरं कुणीतरी भरत होतं.

ते बिल भरणाऱ्यांत मेंढपाळही आले. जैसलमेरची ओरणं म्हणजे तिथल्या देवराया. पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरं-मेंढ्या चरतात, पण सरकारी दप्तरात त्यातली कितीतरी जमीन पडीक, म्हणून ती प्रकल्पांना देता येते. पश्चिम राजस्थानात सौर प्रकल्पांसाठी खेजडीची झाडंही तुटली. खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी.

आपणही साव नाही. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकसाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं, आणि आज तिथे माळढोक जवळपास संपलाय. आता शेतीच्या सौरविजेसाठी गावोगावची गायरानं मागितली जाताहेत. आधी गोदामांची, कारखान्यांची, सरकारी कचेऱ्यांची छपरं भरा, मग माळाकडे या.

तुमच्या गावात गायरानाचा ठराव आला तर ग्रामसभेला जा. तिथे मेंढ्या चारणाऱ्या धनगराला बोलू द्या, आणि त्याच्या चराईची भरपाई प्रकल्पाच्या खर्चात धरल्याशिवाय हात वर करू नका.