कृषिनिष्ठ फार्महाऊसमालकांस अनावृत पत्र

प्रति,
सन्माननीय फार्महाऊसमालक,
नेरे, वाजे, मालडुंगे, शिरढोण, कर्नाळा आणि परिसर,
तालुका पनवेल, जिल्हा रायगड
(प्रत्यक्ष मुक्काम मुंबई, ठाणे किंवा पुणे. शनिवारी रात्री दहानंतर फोन बंद.)

विषय : आपल्या शेतात दर शनिवारी-रविवारी निघणाऱ्या पिकाबाबत.

महोदय,

सर्वप्रथम आपल्या कृषिनिष्ठेबद्दल समस्त पनवेलकरांतर्फे हार्दिक अभिनंदन. आजूबाजूची भातखाचरं एकेक करून बिल्डरांच्या नकाशांत जाऊन बसत असताना आपण मात्र सातबाऱ्यावर शेतकरी म्हणून घट्ट पाय रोवून आहात. पीकही असं नगदी निवडलंत की कृषी विद्यापीठांनी येऊन पाहावं. शुक्रवारी रात्री पेरणी आणि रविवारी चेक-आउटला कापणी. अवकाळीचं भय नाही, हमीभावासाठी मोर्चा नाही. आषाढ-श्रावणात बाकीचे शेतकरी आभाळाकडे बघत बसतात, तेव्हा आपला तर ऐन हंगाम असतो आणि ‘पर हेड’चा दर चढतो.

हे सगळं कायद्याला धरूनच चाललं असणार, याबद्दल पनवेलकरांच्या मनात शंका नाही. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. 1948 च्या कूळवहिवाट कायद्याचं कलम 63 तसं सांगतं, आणि शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्या जमिनीवर शेतघर कशासाठी बांधता येतं, हे 1966 च्या जमीन महसूल संहितेत सविस्तर दिलं आहे. अवजारं, खत आणि वैरण ठेवायला, धान्य साठवायला, गुरं बांधायला, शेतकऱ्याचं कुटुंब, गडी किंवा कुळं यांना राहायला, आणि सगळ्यात शेवटी, शेती कसण्याच्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग असलेल्या इतर कुठल्याही कामासाठी. संहिता लिहिणाऱ्यांच्या दूरदृष्टीला तोड नाही. निळ्या फरशीचा तलाव, बार्बेक्यूची शेगडी, रंगीत दिव्यांचं झाड आणि पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर हे सगळं त्या शेवटच्या कलमात आरामात मावतं. स्पीकरमुळे पाखरं उडतात आणि पीक वाचतं, हे तर उघडच आहे. शेजारचं कर्नाळा अभयारण्य 1968 सालापासून नेमकं पाखरांसाठीच राखून ठेवलं आहे, ही बाब वेगळी.

आता प्रश्न एवढाच, की आपल्या या वास्तूकडे कोणी कोणत्या खात्याच्या चष्म्यातून बघायचं? तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, कागदावर शेत बघतात. ग्रामपंचायत घर बघते आणि घरपट्टी लावते. बुकिंगचं ॲप ‘लक्झरी पूल विला’ बघतं. जीएसटीवाल्यांना तीच वास्तू हॉटेलातल्या खोलीसारखी दिसते. दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के आणि त्यावर 18 टक्के. मालकाची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल तर तो कर भरायची जबाबदारी ॲपवरच टाकलेली आहे. म्हणजे दिल्लीला आपण हॉटेलवाले म्हणून ठाऊक आहात, गल्लीत मात्र शेतकरी. तलावाचा पंप कोणत्या मीटरवर चालतो, हा प्रश्न पनवेलकर सौजन्यापोटी विचारत नाहीत.

गोंधळ सगळा आपलाच आहे असंही नाही. पनवेलची नगरपालिका 1852 सालची, राज्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. तिची महापालिका झाली 1 ऑक्टोबर 2016 रोजी, 29 गावं पोटात घेऊन. खारघर, कामोठे, कळंबोलीत रस्ते आखले सिडकोनं आणि मालमत्ता कर मागितला महापालिकेनं, तोही मागल्या तारखेपासून. त्यावरून रहिवासी कोर्टापर्यंत गेले. महापालिकेची हद्द संपली की विमानतळाभोवतीचं ‘नैना’ क्षेत्र लागतं. तिथलं नियोजन जानेवारी 2013 पासून सिडकोकडे. राज्यभरासाठी 2020 च्या डिसेंबरात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, तेव्हा तिच्यातून नैना क्षेत्र वगळलेलं होतं. जिल्हा रायगडचा, पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं, जंगल वनखात्याचं. एवढ्या साहेबांत रात्री एक वाजता नेमकं कोणाला उठवायचं, हे गावातल्या म्हाताऱ्याला कळत नाही. आपल्याला मात्र ते कळतं, म्हणून आपण कोणालाच उठवत नाही.

पाहुण्यांचं म्हणाल तर पनवेलला ते नवे नाहीत. बोरघाटातला गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाला, आणि रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीनं पनवेल बंदरात उतरून पुढे गाडीनं घाट चढायचा. वाटेवरच्या गावाला परक्याची सवय असतेच. आता वाटही लांबची उरली नाही. जानेवारी 2024 मध्ये 21.8 किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला आणि दक्षिण मुंबई जवळ आली. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं, 25 डिसेंबरपासून विमानंही उडू लागली. आपले दर यापुढे खाली येणार नाहीत, हे सांगायला ज्योतिषी नको.

पावसाळ्यातली गंमत तर बघण्यासारखी. गाढेश्वरच्या धरणाकडे आणि खारघरच्या पांडवकड्याकडे माणसं बुडून दगावतात, म्हणून पावसाळ्यात तिथे बंदीचे आदेश निघतात, पोलीस नाके लावून गाड्या परत पाठवतात. त्या गाड्या मुंबईला परत जातात अशी प्रशासनाची समजूत आहे. त्यातल्या बऱ्याच जणांना पुढच्याच वळणावर आपली पाटी दिसते. धरणावर निदान शिपाई असतो. आपल्या तलावाची खोली किती, रात्री तिथे लक्ष कोण ठेवतं, जीवरक्षक आहे का, हे ॲपवरच्या पंचवीस फोटोंत कुठेही दिसत नाही.

पाण्याचंही तसंच. पनवेल शहराचं स्वतःचं धरण म्हणजे देहरंग. ते लहान आणि गाळानं भरलेलं. उन्हाळ्यात त्याचा तळ दिसू लागतो आणि महापालिकेला जीवन प्राधिकरण, एमआयडीसी, सिडको यांच्या दारात पाणी मागत उभं राहावं लागतं. माथेरानच्या पायथ्याच्या आदिवासी वाड्यांतल्या बायकांची मे महिन्यातली पायपीट कोणापासून लपलेली नाही. अशा दिवसांत शेतावर टँकर रिकामा होतो, तेव्हा पनवेलकर समजून घेतात की हे ठिबक सिंचनच असणार.

आणि आवाज. ‘आमची खासगी जागा आहे’ हे आपलं लाडकं उत्तर. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांना ते तोंडपाठ असावं, कारण त्यांत खासगी जागेची स्वतंत्र सोय आहे. खासगी जागेच्या कुंपणापाशी मोजलेला आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा 45 डेसिबल आहे. म्हणजे कुंपणाशी 50. माणसं नेहमीच्या आवाजात बोलत बसली तरी साधारण तिथवर पोचतात. आपल्याकडचा आवाज कुठे पोचतो ते पलीकडच्या वाडीतली तान्ही मुलं सांगतील. तक्रार घेऊन कोणी आलंच तर फाटकाशी उभं असतं केअरटेकर जोडपं, बहुधा जवळच्याच वाडीतलं. मालकाचा फोन लागत नाही, पाहुणे ऐकत नाहीत आणि शिव्या दोन्हीकडून त्यांनाच. शेतीतल्या गड्याचं दुःख आपण इतकं जिवंत ठेवलंत, याबद्दल वेगळे आभार.

दिवसांच्या भाड्यावर घर देणारे सगळेच आपल्या पंथाचे नाहीत, हेही इथेच नमूद केलेलं बरं. खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग संस्था आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण तिथे येतात. केमोच्या दोन फेऱ्यांच्या मधे गावी जाऊन परत येणं त्यांना परवडत नाही. दोन आठवड्यांसाठी स्वयंपाकघर असलेली स्वस्त खोली ही त्यांची चैन नव्हे. सोसायट्यांनी चिडून ‘थोड्या दिवसांचं भाडं बंद’ असा ठराव केला, तर पहिला फटका या माणसांना बसेल. आपले पाहुणे दुसरा बंगला शोधतील. म्हणून सरसकट बंदी हा पनवेलचा मार्ग असू शकत नाही.

जगात काही ठिकाणी अशी बंदी किंवा तिच्या जवळ जाणारी सक्ती आहे. न्यूयॉर्कनं सप्टेंबर 2023 पासून महिन्याहून कमी मुदतीच्या भाड्यासाठी घरमालकानं नोंदणी करून पाहुण्यांसोबत त्याच घरात राहण्याची सक्ती केली, तेही पाहुणे जास्तीत जास्त दोन. बार्सिलोनानं 2028 च्या नोव्हेंबरपर्यंत पर्यटकांच्या 10,101 घरांचे परवाने संपवायचं जाहीर केलं, कारण गावच्याच लोकांना राहायला घर मिळेना. पण एवढं लांब कशाला जायचं? गोव्यात 1982 पासून पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा आहे आणि पाहुण्यांना खोल्या देणाऱ्याला त्याखाली नोंद करावी लागते. मालवण, तारकर्ली, देवबागेत एमटीडीसीच्या निवास-न्याहारी योजनेतून कित्येक घरं उभी राहिली. केंद्राच्या अशाच योजनेत सहा खोल्या, बारा खाटा ही कमाल मर्यादा आहे आणि मालकाचं कुटुंब तिथेच राहायला हवं. मधल्या खोलीत घरमालकीणबाई झोपलेल्या असल्या की रात्री दोनला कोणी स्पीकर लावत नाही. निरीक्षकाचं काम त्या फुकटात करतात.

शेतावरच पाहुणे ठेवायचे, तर त्याचीही वाट उघडी आहे. राज्यानं 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. किमान एक एकर जमीन, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी, शुल्क अडीच हजार रुपये. पाहुण्यांनी चादर जाळली तर कापायचं म्हणून आपण जे डिपॉझिट घेता, त्याहून ही रक्कम कमीच असेल. अडचण एकच आहे. त्या धोरणात पाहुण्यांना खरीखुरी शेती दाखवावी लागते.

तेव्हा आपल्याकडे आणि आपल्याबाबत डोळे मिटून बसलेल्या सर्व कार्यालयांकडे पनवेलकरांची मागणी साधी आहे. तालुक्यात दिवसांच्या भाड्यानं दिली जाणारी प्रत्येक जागा, मग ती बंगला असो वा फ्लॅट, एकाच यादीत नोंदवा. नोंदणीला पैसे नाममात्र घ्या, म्हणजे ॲक्ट्रेकच्या रुग्णाला खोली देणारा माणूस मोडणार नाही. तो क्रमांक फाटकावर लावा आणि ॲपवरही, आणि क्रमांक नसलेली जागा ॲपवरून उतरवा. किती माणसं उतरवायची ते पाणी आणि संडास मोजून ठरवा. तलाव असेल तर माणूस नेमा. क्रमांकाशेजारी मालकाचा असा फोन लिहा, जो शनिवारी रात्री एक वाजता उचलला जाईल. महसूल, महापालिका, सिडको आणि पोलीस यांनी ती यादी एकमेकांना दाखवावी, एवढीच वरची विनंती.

कळावे, लोभ आहेच. झोप तेवढी परत द्यावी.

आपले शेजारी,
पनवेलकर

ता. क. : फाटकावरचा क्रमांक लागेपर्यंत आवाजाच्या तक्रारीसाठी 112 हा क्रमांक चालू आहे.