तैनातीचा राउटर

दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहावर सही करून कंपनी सरकारची तैनाती फौज पदरी घेतली आणि तिच्या खर्चासाठी सालीना सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला, याबद्दल त्या बिचाऱ्याला आजवर जितकी नावे ठेवली गेली तितकी क्वचितच कोणाच्या वाट्याला आली असतील. परंतु ज्या गृहस्थाने इंटरनेट कंपनीने 'मोफत' म्हणून दिलेला पांढरा राउटर आपल्या भिंतीला ठोकून घेतला आहे, त्यापोटी जो परताव्याची अनामत बिनतक्रार भरून मोकळा झाला आहे, आणि त्या राउटरच्या अंतर्गत कारभाराचा पासवर्ड ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही, त्याने तरी बाजीरावाला हसू नये, असे आमचे नम्र मत आहे.

राउटररूपी या रेसिडेंटाची, म्हणजे कंपनीच्या दरबारी वकिलाची, छावणी कोठे पडावी, हे ठरविण्याचा अधिकार यजमानाला नसतो. कंपनीचा माणूस येतो, दरवाज्यावर भोक पाडून वायर आत ओढतो आणि वायर जिथे संपते तिथेच राउटर ठोकतो. म्हणजे बहुधा चपलांच्या कपाटावर, जिथे बसून आजवर कोणीही काही वाचल्याचे वा पाहिल्याचे ऐकिवात नाही. मग तो त्याच्याच पुढ्यात वीतभर अंतरावर मोबाइल धरून 'बघा काका, शंभर येतायत' असे सप्रमाण सिद्ध करतो व निघून जातो. ते शंभर आतल्या खोलीपर्यंत पोहोचेतो त्यांचे काय होते, हा प्रश्न त्याच्या अखत्यारीत येत नाही. राउटरच्या लहरी दोन जातींच्या. पैकी ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान खऱ्या, परंतु सिमेंट-काँक्रीटची पहिली भिंत लागताच त्यांचे अवसान गळते, उलट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींना फारशा जुमानत नाहीत, तथापि इमारतीतील यच्चयावत शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथची उपकरणे आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ही सारी मंडळी त्याच चिंचोळ्या पट्ट्यात नांदत असल्याने, आणि एकमेकांच्या हद्दीत पाय न टाकणारे चॅनेल पाहू गेल्यास त्यात १, ६ व ११ असे तीनच निघत असल्याने, संध्याकाळी सात-आठच्या सुमारास तेथे जो गोंधळ उडतो त्याचे वर्णन न करणेच बरे. अशा वेळी राउटर चपलांच्या कपाटावरून काढून घराच्या मध्यावर, लोखंडी कपाटापासून दूर आणि जरा उंचावर नेऊन पाहावा, हा उपाय बिनखर्चाचा आहे. याच कारणास्तव तो कोणास रुचत नाही.

मग गृहस्थ बाजारात जातो. तेथील पेठेत राउटरांची खोकी ज्या थाटाने मांडलेली असतात तो थाट पाहून पेशवाईतील सरदारांचे किताबही फिके वाटावेत. एका खोक्यावर 'एसी १२००' अशी पदवी ठळक अक्षरांत असते. ही पदवी कशी प्राप्त झाली याची चौकशी केली असता असे आढळते की, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर प्रयोगशाळेत शक्य असलेले ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ यांची बेरीज करून जे ११६७ एमबीपीएस येतात, त्यांत ३३ ची खैरात घालून हा आकडा पूर्ण करण्यात आला आहे. वास्तविक साधा मोबाइल एका वेळी यांपैकी एकाच पट्ट्यावर चालतो. दोन रस्त्यांवरची वेगमर्यादा एकत्र मिळवून एकाच गाडीच्या नावे लिहावी, त्यातलाच हा हिशेब. आणि या बाराशेच्या मानकऱ्याला उलटा करून त्याच्या पाठीमागची भोके तपासावीत, तर स्वस्तातल्या बऱ्याच राउटरांत ती शंभर एमबीपीएसचीच निघतात. म्हणजे ज्याने तीनशेचा प्लॅन घेतला आहे त्याचे दोनशे उंबऱ्याबाहेरच राहायचे. 'गिगाबिट पोर्ट' हे दोन शब्द खोक्याच्या कोणत्यातरी कडेला, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत असतात किंवा नसतात. राउटर घेताना प्रथम पाहावे ते एवढेच. परंतु दुकानदार तिकडे बोट लावू देईल तर ना! 'काका, सहा अँटेनावाला घ्या, रेंज एक नंबर,' असे तो ठासून सांगतो. विनापरवाना प्रक्षेपणाच्या शक्तीवर सरकारने कमाल मर्यादा घातलेली आहे, आणि राउटर कितीही मोठ्याने ओरडला तरी खिशातल्या मोबाइलला तितक्या मोठ्याने उत्तर देता येत नाही, या दोन्ही गोष्टी त्या सहा शिंगांच्या दर्शनाने ग्राहक विसरतो. शंभरचा प्लॅन आणि चार वर्षांचा जुना मोबाइल बाळगणारे कित्येक सद्गृहस्थ 'वाय-फाय ७' मागताना आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या महत्त्वाकांक्षेला आमचा दंडवत.

असो. राउटर घरी येतो आणि खरी राजकीय अडचण तेव्हा उद्भवते. जुना डबा भिंतीवरून उपटून नवा तिथे लावावा, तर नव्याला ती वायर बसत नाही. कारण ती तांब्याची नसून काचेची. तिच्यातून वाहतो तो प्रकाश, आणि त्या प्रकाशाचे विजेच्या भाषेत रूपांतर करण्याची सनद फक्त कंपनीच्या डब्याकडे, ज्याला त्या खात्यात ओएनटी म्हणतात. अर्थात रेसिडेंटाला हाकलता येत नाही; फार तर त्याचे अधिकार काढून घेऊन त्याला नामधारी करता येते. या पदावनतीस 'ब्रिज मोड' असे नाव असून, तसे न करता नवा राउटर जुन्याच्या मागे नुसताच जोडला, तर दोघेही स्वतःला कारभारी समजून पत्त्यांचे दुहेरी दप्तर ठेवू लागतात आणि बाहेरून घरचा कॅमेरा पाहायचा किंवा मुलांचा ऑनलाइन खेळ चालायचा तो अडतो. परंतु ब्रिज मोड करून देणार कोण? कंपनीच. बाजीरावाच्या माणसांनी नोव्हेंबर १८१७ मध्ये संगमावरची रेसिडेन्सी जाळली आणि त्याचा परिणाम सर्वश्रुत आहे. आपल्याला केवळ कस्टमर केअरला फोन करावयाचा असतो, आणि त्याचाही परिणाम साधारण तोच होतो. पलीकडच्या बाईंना ब्रिज मोड हा शब्द ठाऊक नसतो. नव्या राउटरला जोडणीसाठी लागणारे पीपीपीओईचे युजरनेम आणि पासवर्ड मागितले तर 'ते बॅकएंडला असतं सर' असे उत्तर मिळते, आणि हा बॅकएंड कोणत्या शहरी आहे हे तेथील नोकरांसही माहीत असावे असे वाटत नाही.

जर्मन लोकांनी या कामी रीतसर कायदा केला आणि १ ऑगस्ट २०१६ पासून आपल्या पसंतीचा राउटर लावण्याचा हक्क मिळविला. गंमत अशी की त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचे इंटरनेट एकाएकी बंद पडले. कंपन्यांनी दुरून कारभार हाकण्यासाठी राउटरांना ठेवलेला जो मागचा दरवाजा, त्यावरच चोरांनी धडका मारल्या होत्या. चोर आत शिरले नाहीत, पण धडकांनी राउटर कोलमडले. तेव्हा परकी हुकूमत वाईट, याविषयी दुमत नसावे. मात्र स्वराज्य मिळविल्यानंतर ज्यांनी नव्या राउटरचा 'admin' हाच पासवर्ड कायम ठेवला आहे आणि ज्यांच्या फर्मवेअरला खरेदीच्या दिवसानंतर कोणाचाही हात लागलेला नाही, अशा स्वातंत्र्यवीरांची संख्या पाहता चोरांना मागच्या दरवाजाची गरजच पडू नये.

कसेही करून ब्रिज मोड होतो, घरात नवा कारभार सुरू होतो, आणि एखाद्या पावसाळी संध्याकाळी सर्व काही ठप्प होते. तक्रार नोंदविल्यावर यथावकाश कंपनीचा माणूस येतो. नव्या राउटरकडे ढुंकूनही न पाहता ओएनटीतली वायर आपल्या लॅपटॉपला जोडतो, पडद्यावर उमटलेला शंभराचा आकडा दाखवतो, आणि 'साहेब, इथपर्यंत आमचं, पुढचं तुमचं' असा हद्दनिश्चय करून तक्रार बंद करण्यासाठी ओटीपी मागतो. तो दिल्याखेरीज तो दारातून हलत नाही. दिल्यानंतर मोबाइलवर संदेश येतो की, आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले असून, आमच्या सेवेस पाचपैकी किती तारे द्याल?