पराभवाचा पोवाडा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. इंग्लंडमधल्या कौन्सिलांच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, कानावर ही म्हण गेलेली नाही. आणि गेली असती तरी तिच्यातला 'शहाणा' म्हणजे आपणच, असं समजण्याइतक्या त्या गर्विष्ठ नाहीत. विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांचे पालक तिथे कौन्सिलविरुद्ध न्यायाधिकरणात दाद मागतात, आणि प्रकरण निकालापर्यंत गेलंच तर अलीकडच्या वर्षांत शंभरातल्या साधारण ९८ निकालांत पालकांची सरशी होते. (पालकांची एखादी मागणी मान्य झाली तरी तो निकाल त्यांच्या बाजूने धरतात, असं कौन्सिलवाले लगेच सांगतात. सांगू द्यावं. हरलेल्या माणसाला काहीतरी बोलायला लागतं.) इतकं हरूनही कौन्सिल पुढच्या वर्षी त्याच उमेदीने उभी राहते. जिंकणाऱ्यांचे पोवाडे पुष्कळ झाले; हा हरणाऱ्यांचा.

आधी कायदा सांगतो. १९८१च्या कायद्याने तिथे अशा मुलांना 'स्टेटमेंट' मिळायचं. ते फार किचकट, फार वेळखाऊ आणि पालकांना भांडायला लावणारं झालं, म्हणून २०१४ साली नवा कायदा करून त्याच्या जागी 'एज्युकेशन, हेल्थ अँड केअर प्लॅन' आणला. बोलताना सगळे ईएचसीपी म्हणतात. जन्मापासून पंचविशीपर्यंत तो मिळू शकतो. मुलाला कसली मदत, कुणी, किती वेळ द्यायची ते त्यात लिहायचं आणि मग कौन्सिलने ती द्यायचीच. अर्जापासून अंतिम प्लॅनपर्यंत मुदत २० आठवडे. २०२४ साली निम्म्याहून कमी नवे प्लॅन या मुदतीत निघाले. उतावळ्या लोकांना यात ढिलाई दिसते. मला बालविकासाबद्दलचा आदर दिसतो. तपासलं तेव्हा मूल सहा वर्षांचं होतं, प्लॅन हातात येईपर्यंत ते सात वर्षांचं झालं, म्हणजे जुना अहवाल बाद. मूल वाढतंय, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

पहिल्या पायरीवर कायदा फार थोडं विचारतो. मुलाला विशेष गरज आहे, किंवा असू शकेल का? आणि त्यासाठी प्लॅन करून मदत देणं आवश्यक ठरू शकेल का? इतक्या सैल प्रश्नाला 'नाही' म्हणायला प्रतिभा लागते. काही कौन्सिलांनी ती दाखवली. शाळेने आधी स्वतःच्या बजेटातले ६,००० पौंड या मुलावर खर्च केल्याचं दाखवा. मूल वर्गाच्या किती मागे आहे ते सांगा. पुरेसं मागे नसेल तर थोडं थांबा. मूल वर्गात गप्प बसतं, कुणाला त्रास देत नाही, मग अडचण कसली? यातलं एकही कलम कायद्यात नाही. पण संसदेने सगळं लिहून ठेवलं, तर स्थानिक स्वराज्य संस्थांनी करायचं काय?

आमच्या ओळखीत तिथे राहणारं एक मराठी कुटुंब आहे. बाई सांगलीच्या, मुलगा ऑटिस्टिक, अर्ज केला तेव्हा सहा वर्षांचा. सांगलीहून आजी व्हिडिओ कॉलवर सांगायच्या, "अगं, बोलेल गं. ह्याचा बाप तरी कुठं लवकर बोलला होता? आता थांबतोय का?" सहा आठवड्यांनी कौन्सिलचं पत्र आलं, त्यातला मजकूर साधारण हाच होता. एवढ्या दुरून दोन संस्थांचं असं एकमत विरळाच. आजींनी निदान फोन केला होता.

पण बाई जिल्हा परिषदेतल्या कारकुनाची मुलगी. कागद दिला की पोच घ्यायची, आवक क्रमांक टिपायचा, झेरॉक्स फायलीला लावायची, हे त्या घरातच शिकल्या. दिलेल्या शब्दावर विसंबून राहणाऱ्या इंग्लंडमधल्या पालकांना हे सुचायला वर्ष जातं. बाईंनी अपिलाची तयारी सुरू केली. या अपिलाआधी मध्यस्थीच्या सल्लागाराशी बोलावं लागतं. समेट नको असेल तर फोनवर तसं सांगायचं, मग समेटाचा विचार केल्याचं प्रमाणपत्र मिळतं, तेही कामकाजाच्या तीन दिवसांत. त्या सबंध फायलीत वेळेवर आलेला तो एकच कागद. पुढे सुनावणी तोंडावर आली आणि कौन्सिलने माघार घेतली: ठीक आहे, तपासतो. पुष्कळ प्रकरणांत असंच होतं. लढाई टाळण्यासाठी ती जवळजवळ पूर्ण लढून घ्यायची, हा डावपेच आपल्या बखरकारांनाही सुचला नाही.

प्लॅनचा मसुदा शुक्रवारी दुपारी उशिरा आला. त्यात मुलाला घोडेस्वारी आवडते असं लिहिलं होतं आणि दोन ठिकाणी त्याचा उल्लेख मुलगी म्हणून होता. त्याने घोडा आजवर पुस्तकातच पाहिला होता. कुणा दुसऱ्या मुलीचं वर्णन चुकून इथे आलं असावं. आता तिच्या प्लॅनमध्ये कुणाची आवड गेली असेल, या विचाराने बाई घोड्यापेक्षा जास्त अस्वस्थ झाल्या. प्लॅनला ए ते के असे विभाग असतात. जीव असतो तो एफमध्ये, कारण मदत तिथे लिहायची. इथे लिहिलं होतं: भाषा-साहाय्याची नियमित संधी उपलब्ध झाल्यास त्याला लाभ होऊ शकेल.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. त्यात कुणी कुणाला काहीही द्यायचं नाही. 'नियमित' म्हणायचं, तर हॅलेचा धूमकेतूही नियमितच येतो. मदत नेमकी लिहा, शक्यतो आकड्यांत लिहा, असं सरकारची मार्गदर्शिका सांगते; न्यायालयांनीही पूर्वीच तसं बजावलं आहे. बाईंना हवं होतं ते असं: आठवड्यातून एकदा, ४५ मिनिटं, स्पीच थेरपिस्टकडून, एकट्याला. हे वाक्य घड्याळ लावून तपासता येतं. सभ्य समाजात कागदाने माणसाला इतकं अडचणीत आणू नये.

कौन्सिल हरणारं भांडण का भांडते, याचं काही कुत्सित लोक गणित मांडतात. नकार मिळालेल्यांतले बरेचसे पालक अपील करतच नाहीत. जे करतात, त्यांचं प्रकरण महिनोन्‌महिने चालतं आणि तेवढ्या महिन्यांची थेरपी वाचते. हरल्यावर समोरच्याचा खर्चही सहसा द्यावा लागत नाही. पालक मात्र खाजगी मानसशास्त्रज्ञाच्या अहवालाला हजार पौंड किंवा त्याहून जास्त मोजतात. मला हे गणित पटत नाही, कारण ते धरलं तर हे लोक हुशार ठरतात आणि मग या लेखाचा पायाच निसटतो.

शिवाय पैसा नाही असं थोडंच आहे? ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये सांगितलं, की या मुलांसाठीचा सरकारी निधी १०.७ अब्ज पौंडांवर गेला आहे आणि मुलांच्या प्रगतीत मात्र सुधारणा दिसत नाही. मार्च २०२६पर्यंत कौन्सिलांची साठलेली तूट ४.६ अब्जांवर जाईल, असा त्यांचा अंदाज होता. ही तूट कौन्सिलच्या मुख्य हिशेबात धरायची नाही अशी खास कायदेशीर सोय आहे, आणि तिची मुदत मार्च २०२८पर्यंत वाढवली आहे. म्हणजे तूट आहे, पण वहीत नाही. तशीच गरज आहे, पण प्लॅनमध्ये नाही. कारभारात एवढी सुसंगती क्वचित दिसते. (खरं सांगायचं तर प्लॅन असलेल्या मुलांचा आकडा २०२५च्या जानेवारीत ६ लाख ३८ हजारांवर गेला होता, आणि शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ पुरेसे नाहीत. बाईंची फाईल सांभाळणारी मुलगी पहिल्यांदा फोनवर बोलली तेव्हा रडकुंडीला आली होती. दुसऱ्यांदा बोलायला ती नोकरीत राहिली नव्हती.)

अंतिम प्लॅनमध्येही ती 'नियमित संधी'च राहिली, तेव्हा पुन्हा अपील झालं. न्यायाधिकरणाने आठवड्याची ४५ मिनिटं जशीच्या तशी लिहायला लावली. कौन्सिलने दुरुस्त प्लॅन दिला आणि सोबतच्या पत्रात या अनुभवातून आम्ही धडा घेतला असं कळवलं. थेरपी सुरू झाली. मुलगा बोलू लागला. आजींचं म्हणणं खरं ठरलं, असं सांगलीत मानतात.

वर्षाने नेहमीप्रमाणे प्लॅनचा आढावा झाला. थेरपीमुळे मुलाची प्रगती फार समाधानकारक असल्याचं कौन्सिलने मोकळ्या मनाने मान्य केलं, आणि त्या अर्थी थेरपी यापुढे 'आवश्यकतेनुसार' करावी असा बदल करून प्लॅन पाठवला. अपील करण्याचा हक्क आणि त्याची मुदत कळवणं कायद्याने बंधनकारक असल्यामुळे तोही मजकूर पत्राच्या शेवटी होता, ठळक अक्षरांत. वर नाव त्या घोडेस्वार मुलीचं होतं.