काटकसरीची मुंबई : नवशिक्यांसाठी

हा पाठ पुण्याच्या कुटुंबासाठी आहे. नाशिककरांनी गाडीचं नाव बदलून वाचावा, कोल्हापूरकरांनी एक रात्र जास्त धरावी. साहित्य : आईबाप दोन, मुलं दोन (एक सहा वर्षांचं, एक अकरा), आजी एक, शनिवार-रविवार एक. खर्चाचा आकडा आधीच ठरवून वहीत लिहावा आणि त्याखाली दोन रेघा ओढाव्यात. आकड्याचा पुढे काही उपयोग नाही, पण रेघा ओढल्या की घरातल्या कर्त्या माणसाला बरं वाटतं.

सुरुवात मुक्कामापासून करावी. समुद्रासमोरच्या हॉटेलांचे भाव मोबाइलवर अवश्य बघावेत. बघण्याचे पैसे पडत नाहीत, आणि बघितल्यावर दोन मिनिटांत डोंबिवलीची मावसबहीण आठवते. फोन बायकोने करावा. मावसबहीण नवऱ्याची असली तरी फोन बायकोनेच करायचा, अशी पद्धत आहे.

"अगं, सहज फोन केला. मुलांना जरा मुंबई दाखवावी म्हणतोय. एखादं बरंसं हॉटेल माहितीये का गं?"

"हॉटेल? डोकं ठिकाणावर आहे ना? घर काय परकं आहे?"

"नको गं, पाच माणसं आम्ही. तुला उगाच त्रास."

"त्रास कसला त्यात! गुपचूप या."

"नको गं" दोनदा म्हणावं. एकदाच म्हटलं तर आपण टपूनच बसलो होतो असं दिसतं. तिसऱ्यांदा म्हटलं तर बहीण ऐकेलही, आणि मग खरोखरच हॉटेल बघावं लागेल.

आता नेण्याच्या वस्तू. बाकरवडी अर्धा किलो नेली तर बरं दिसत नाही, म्हणून एक किलो. आंबा बर्फी. बहिणीच्या मुलाला काहीतरी आणि मुलीला त्याच किमतीचं काहीतरी. शिवाय तिच्या सासूबाई मधुमेही असल्यामुळे त्यांच्यासाठी वेगळा, बिनसाखरेचा डबा. हॉटेलात पैसे निघताना भरायचे असतात, नातेवाइकांकडे शिरताना. एवढाच फरक लक्षात ठेवावा.

गाडी. डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून धावते आहे, सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटते, रुबाब अजून टिकून आहे. नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये. तिला डायनिंग कार आहे. टोस्टाचा आणि ऑम्लेटचा वास डब्यातून फिरला की पिशवीतल्या दशम्यांकडे मुलं ज्या नजरेने बघतात, ती आजीला सहन होत नाही. शिवाय क्वीन डोंबिवलीकरांची पर्वा करत नाही. त्यापेक्षा पहाटेची सिंहगड धरावी आणि कल्याणला उतरावं. दशम्या आणि लसणीची चटणी कर्जतपर्यंत पुरवायची, असा नियम करावा. नियम खडकीला मोडतो. कर्जतला गाडी थांबली की वडा घ्यावाच लागतो. मात्र तो "मुलांसाठी" म्हणून घ्यावा, म्हणजे मोठ्यांनी खाल्लेला हिशेबात येत नाही.

डोंबिवलीला सामान टाकून, चहा घेऊन, पुन्हा एकदा "कशाला एवढं आणलंत" ऐकून झालं की लोकलने सीएसएमटी. इथे थोडं तांत्रिक शिक्षण आवश्यक आहे. तीन माणसांच्या बाकावर चार बसतात. चौथ्याच्या वाट्याला जी जागा येते तिला चौथी सीट म्हणतात. तिच्यावर बसतात म्हणण्यापेक्षा टेकतात. "जरा सरकून घ्या" हे वाक्य विनंतीच्या नव्हे, आठवणीच्या सुरात म्हणायचं, म्हणजे समोरचा सरकतो. बायकांच्या डब्यात बारा वर्षांखालच्या मुलग्यांना चालतं, तेव्हा आई, आजी आणि दोन्ही मुलं तिकडे आणि बाबा एकटे पुरुषांच्या डब्यात, अशी विभागणी होते. बाबांना ही सहल अत्यंत आवडू लागते. फक्त सगळ्यांची तिकिटं त्यांच्याच खिशात राहिलेली असतात आणि तिकीट तपासनीस बाई पलीकडच्या डब्यात चढलेल्या असतात. तिकिटं आईकडे द्यावीत.

सीएसएमटीला उतरून थेट बाहेर पळू नये. रस्ता ओलांडून मागे वळून बघावं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने दहा वर्षं खपून १८८८ मध्ये पुरी केलेली ही इमारत बाहेरून बघायला एक पैसा पडत नाही. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आहे आणि दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे हिंदुस्थान. मुलांना इतिहास सांगू नका, "भिंतीवर अजून कोणकोणते प्राणी दिसतात ते मोजा" म्हणा. माकडं, मोर, सरडे शोधण्यात वीस मिनिटं जातात. अख्ख्या सहलीत इतकी स्वस्त वीस मिनिटं पुन्हा मिळणार नाहीत.

इथूनच एनसीपीएकडे जाणारी ११५ नंबरची दुमजली बस घ्यावी. जुन्या डिझेलच्या दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. आताच्या विजेवर चालतात आणि गारेगार आहेत. बेस्टचं वातानुकूलित बसचं किमान भाडं मे २०२५ पासून बारा रुपये झालं आहे. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची जागा पकडायला अकरा वर्षांच्या मुलाला आधी पाठवावं. हे काम मोठ्यांनी केलं तर भांडण होतं.

आता या पाठातला सर्वांत अवघड प्रश्न : घारापुरी. मुलांनी शाळेत एलिफंटा ऐकलेलं असतं आणि "हत्तीचं बेट" या कल्पनेवर ती आठवडाभर जगलेली असतात. गेटवेला लाँचचं तिकीट काढावं. लाँच सुटली की कळतं, वरच्या मजल्यावर बसायचे पैसे वेगळे. पाच माणसांतली चार खाली बसतील असं वहीत लिहिलेलं असतं. समुद्रपक्षी मागे लागले की पाचही वर जातात. तासाभराने धक्का येतो. धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी आगगाडी आहे. चालतही जाता येतं, पण आगगाडी दिसल्यावर चालणारं मूल अजून जन्माला यायचं आहे. मग ग्रामपंचायतीचा कर. मग शंभरावर पायऱ्या, दुतर्फा टोप्या, माळा, दगडी हत्ती, कैऱ्या, काकड्या. आजी दर वीस पायऱ्यांनी एका दुकानासमोर थांबते. तिला दम लागलेला असतो, दुकानदाराला वाटतं गिऱ्हाईक आहे. शेवटी माळ घ्यावीच लागते. तोवर माकडाने हातातली बाटली नेलेली असते. ते कठड्यावर बसून शांतपणे झाकण फिरवून पाणी पितं, मुलं टाळ्या वाजवतात आणि बाबा नवी बाटली घ्यायला जातात. सर्वांत वर पुरातत्त्व खात्याची खिडकी. तिथे पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. इथवर प्रत्येक वळणावर मुलांचे पैसे भरून झाल्यावर, जिथे मुलांना काडीचा रस नाही तिथेच ती फुकट.

आत वीस फुटी त्रिमूर्ती आहे. अंधारातून ते तीन चेहरे हळूहळू उजळत जातात तेव्हा मोठी माणसं खरोखर गप्प होतात, आणि धाकटं विचारतं, "हत्ती कुठाय?"

हत्ती इथे नाही, ही खरी गोष्ट आहे. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला नाव दिलं, तो १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला म्हणून उचलताना पडून फुटला. त्याचे तुकडे मुंबईत आले आणि १९१४ मध्ये जोडून राणीच्या बागेत उभे केले गेले. आजही तो तिथे, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. काटकसरी माणसाने यातून घ्यायचा तो बोध घ्यावा : बेट वगळावं, हत्ती ठेवावा. लाँच, वरचा मजला, आगगाडी, कर, माळ आणि बाटली एका फटक्यात वाचतात. त्रिमूर्ती बुडते, हे मान्य. ती मुलं कॉलेजात गेल्यावर दोघांनीच जाऊन बघावी.

शनिवारची संध्याकाळ गिरगाव चौपाटीवर. एनसीपीएपासून मरीन ड्राइव्हने चालत जाता येतं. नकाशात ते अंतर तीन किलोमीटर आहे, सहा वर्षांच्या पायांत तीनशे मीटर. उरलेलं कडेवर. चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आहे. १९२० मध्ये त्यांचे अंत्यसंस्कार इथेच झाले. पुणेकरांना मुंबईतही आपलं माणूस भेटल्यामुळे आजीची चप्पल इथे निघते आणि हात जोडले जातात. भेळ दोन घ्यावी, चमचे पाच मागावेत. खेळणीवाल्याकडे बघू नये. तोही तुमच्याकडे बघत नाही. मुलापासून आठ-दहा फुटांवर उभा राहून तो रबराने एक लुकलुकती भिंगरी आभाळात सोडतो, झेलतो, पुन्हा सोडतो. तुम्ही त्याच्या लेखी तिथे नसताच. चौथ्या वेळी ती मुलाच्या पायाशी पडते. मूल उचलून देतं. तो घेत नाही.

रविवारी मेगाब्लॉक. जलद गाड्या धीम्या रुळांवर येतात, धीम्या कधी येतात हे फलकालाही ठाऊक नसतं. "अकराच्या आत निघा" असं मावसबहीण शनिवारी रात्री बजावते आणि रविवारी सकाळी स्वतःच पोह्यांना बसवून पावणेबारा करते. तक्रार करायची नाही, पोहे फुकट आहेत.

भायखळ्याला उतरून राणीची बाग. बुधवारी बंद असते, तुम्ही रविवारी चालला आहात, म्हणजे उघडी आहे आणि अर्धी मुंबई आत आहे. २०१६ मध्ये सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आले, आणि २०१७ मध्ये मोठ्यांचं पाच रुपयांचं तिकीट पन्नास झालं. त्याच वेळी कुटुंबाचं एक तिकीट निघालं : आईबाप आणि पंधरा वर्षांपर्यंतची दोन मुलं, मिळून शंभर. या व्याख्येत आजी बसत नाही. प्रश्न पैशाचा नाही, पण महापालिकेच्या लेखी आपण कुटुंबात नाही हे आजीला खिडकीसमोर कळू देऊ नये. तिला आधी बाकावर बसवून मग रांगेत उभं राहावं.

पेंग्विनांचं दालन वातानुकूलित आहे. मुलं काचेला नाक लावून दोन मिनिटांत पुढे सरकतात. "थांबा रे, नीट बघा, पुन्हा येणं होईल का?" असं म्हणत मोठी माणसंच रेंगाळतात. रखवालदार हे ओळखून असतो.

मग ठरल्याप्रमाणे दगडी हत्ती. धाकटं त्याच्याकडे बघतं, मग तुमच्याकडे बघतं. "हा हलत नाही." या प्रसंगी आइस्क्रीम घ्यावं. त्याची तरतूद वहीत नाही.

घरी पोचल्यावर दोन दिवसांत आभाराचा फोन करावा आणि "आता तुम्ही या हं पुण्याला" असं म्हणावं. हे वाक्य टाळता येत नाही. मे महिन्यात मावसबहिणीचा फोन येतो : शाळेला सुट्टी आहे, चार दिवस येतोय, सासूबाईही आहेत. पेशवे पार्कातली फुलराणी, शनिवारवाडा, सिंहगडावरची भजी असा बेत आखायला घ्यावा. कात्रजचं प्राणिसंग्रहालय शेवटच्या दिवसावर ठेवू नये. ते लोक रविवारी येतात, आणि कात्रजही बुधवारी बंद असतं.