तुलनाराव आणि दोन आसनांची गाडी

तळेगाव दाभाड्यात स्टेशनच्या बाजूला गेल्या काही वर्षांत ज्या सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांत मजल्याला एक तरी तुलनाराव राहतो. वय पस्तिशीचं, नोकरी हिंजवडीला, घराचं कर्ज वीस वर्षांचं आणि लॅपटॉपमध्ये एक्सेलची एक फाइल. खरं नाव दारावरच्या पाटीवर असतं. पण ज्या गृहस्थाने घरचा झाडूसुद्धा ‘लांबी, वजन, अंदाजे आयुष्य’ असे रकाने पाडून आणला, त्याला लोकांनी दुसरं काय म्हणावं?

आमचे तुलनाराव पाचव्या मजल्यावर. त्यांना कंजूष म्हणणारे लोक त्यांना ओळखत नाहीत. पैसे टाकायला ते केव्हाही तयार असतात. टाकून झाल्यावर कुणी “अरेरे, मला विचारायचं तरी!” असं म्हणू नये, एवढीच त्यांची अट. म्हणून ते सगळ्यांना आधीच विचारून ठेवतात. वॉशिंग मशीनच्या वेळी त्यांनी इतक्या जणांना विचारलं, की पहिल्या नंबरावर आलेलं मॉडेल तोवर बाजारातून गेलं होतं. लग्न तेवढं चटकन झालं. ते खातं आत्याबाईंकडे होतं.

तर मोठी मुलगी दोन वर्षांची होत आलेली आणि आषाढात घरात दुसरं बाळ येणार, अशी बातमी आली. बिल्डिंगमधल्या बायकांनी वहिनींना डोहाळे विचारले. तुलनारावांनी मला जिन्यात गाठून विचारलं, “डबल बाबागाडी घ्यावी का?”

प्रश्न अगदीच पोकळ नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. दोन वर्षांचं मूल चालतं, म्हणजे मनात असेल तोवर चालतं. मन फिरलं की भर रस्त्यात बसकण मारतं. नव्या बाळाने मान धरलेली नसते. त्याला गाडीत बसवता येत नाही, पार आडवंच ठेवावं लागतं, ते साधारण सहा महिने. म्हणजे एकाच गाडीत एक प्रवासी झोपलेला आणि दुसरा उठून उभा राहायला बघणारा. या गाड्या दोन जातींच्या. एकीत मुलं शेजारी शेजारी असतात, दुसरीत एकामागे एक. तुलनारावांनी फाइलमध्ये पहिलीला ‘सोफा’ आणि दुसरीला ‘लोकल’ अशी नावं दिली. सोफा रुंद, दारात अडकतो. लोकल लांबलचक, वळवताना हात भरून येतात, आणि मागच्याला सगळा प्रवास पुढच्याची पाठ बघत करावा लागतो. वजन दोन्हींचं बारा-पंधरा किलो, तेही मुलं बसवायच्या आधी.

मग मोजपट्टी निघाली. लिफ्टचं दार ७० सेंटिमीटर, सोफा ७६. लोकल दारातून आत शिरते, पण मागची चाकं बाहेर राहतात आणि लिफ्ट ‘कृपया दरवाजा बंद करें’ म्हणत बसते. रात्री अकराला तो घोष ऐकून मी बाहेर आलो, तेव्हा तुलनाराव लिफ्टमध्ये उकिडवे बसले होते आणि उंबऱ्यापाशी पुठ्ठ्याची कापलेली चार चाकं मांडलेली होती. वहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, “एवढंच सांगा, लाइट गेल्यावर ती पाच मजले वर कोण आणणार?”

फाइलमध्ये ‘कोण’ हा रकाना नव्हता. त्या रात्री घातला गेला. अजून रिकामा आहे.

घरातल्या ज्येष्ठांची मतं मागवण्यात आली. तुलनारावांच्या आई म्हणाल्या, “तुला आणि तुझ्या भावाला मी काय टेम्पोतून नेत होते? एक कडेवर, एक बोटाला.” वहिनींच्या आई नाणे मावळातल्या. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, “दोन-दोन लेकरं अशी उघड्यावर मांडून न्यायाची व्हय? दृष्ट लागंल.” त्यांच्याकडे भातलावणीच्या दिवसांत बांधावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधायचे. थोरलं पोर धाकट्याला झोके द्यायचं आणि आई चिखलातूनच अधूनमधून मान वर करून बघायची. तुलनारावांनी हेही इमानदारीने नोंदवलं: किंमत शून्य, वजन शून्य, झाड आवश्यक.

अभ्यास म्हटला की ते मुळाशी जातात. बाबागाडीचं मूळ इंग्लंडात निघालं. १७३३ साली विल्यम केंट नावाच्या वास्तुरचनाकाराने ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी केली. ती ढकलायची नव्हतीच, पुढे बकरी किंवा तट्टू जुंपायचं होतं. हे वाचल्यावर आंदर मावळात बकरी काय भावाने मिळते याची चौकशी झाली, असं आमचा वॉचमन सांगतो. माझा त्याच्यावर विश्वास नाही. पण अविश्वासही धीटपणे दाखवता येत नाही. पुढे १९६५ साली ओवेन मॅक्लॅरन यांनी छत्रीसारखी मिटणारी, तीन किलोच्या आतली गाडी काढली. हे गृहस्थ विमानांचे इंजिनिअर. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या जुळणीवर त्यांनी काम केलेलं. तुलनाराव हे सांगताना गहिवरले. “विमान जमिनीवर उतरवणारा माणूस आजोबा झाल्यावर बाबागाडीकडे वळतो, बघा!” वहिनी आतून म्हणाल्या, “तुमचं अजून हवेतच आहे.”

सोसायटीच्या सेक्रेटरींना वेगळीच काळजी. गाडी खाली पार्किंगमध्ये ठेवायची तर तिची नोंद कशी करायची? चारचाकी म्हणावी तर चाकं आठ, दुचाकी म्हणावी तर जागा दोन स्कूटरींची. महिन्याच्या मीटिंगमध्ये यावर चर्चा झाली. पाण्याच्या टँकरचा विषय त्यामुळे पुढच्या महिन्यावर गेला.

त्याच मीटिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त इतिहास-मास्तरांनी हात वर केला. “तुलनाराव, मावळात चाकं घेऊन शिरणाऱ्याचं काय होतं, ठाऊक आहे? रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवायला कंपनी सरकारची फौज मुंबईहून बोरघाट चढून आली. माणसं चार हजारांच्या आत आणि सामानाचे बैल एकोणीस हजार. माणशी पाच बैल! शिवाय निर्णय घ्यायला तिघांची समिती. गोगलगायीच्या चालीने जानेवारी १७७९ मध्ये इथे तळेगावात पोचले, तर गाव ओस आणि जाळलेलं. खायला दाणा नाही. समितीने ठरवलं, परत फिरायचं. जड तोफा या आपल्या तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि रातोरात निघाले. वडगावात मराठी फौजेने गाठलं, महादजी शिंद्यांपुढे तह करावा लागला. जड सामान, समिती आणि जवळ तळं. तुमच्याकडे आता फक्त बैल नाहीत.”

सगळे हसले. तुलनाराव गंभीरपणे म्हणाले, “तोफा एकामागे एक होत्या की शेजारी शेजारी?”

शेवटी प्रत्यक्ष चाचणी ठरली. बाणेरला त्यांचा मावसभाऊ राहतो. त्याला जुळी, आणि त्याने अमेरिकेहून येताना सोफा जातीची गाडी आणलेली. ती एका रविवारापुरती मागून आणली. मोठी एका आसनावर बसणार होती. दुसऱ्या आसनावर बाळाऐवजी तीन किलोचं इंद्रायणी तांदळाचं गाठोडं. इंद्रायणीच का, तर वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने काढलेला वाण, म्हणजे बाळही स्थानिकच. ठिकाण लोणावळा. महिना जून, म्हणजे पहिला पाऊस नुकताच झालेला आणि अर्धं पुणे, अर्धी मुंबई घाटमाथ्यावर. बरोबर मेहुणा, आणि साक्षीदार म्हणून मी.

तळेगावच्या पादचारी पुलावर गाडी मिटेना. मेहुण्याने ती डोक्यावर घेतली. लोकल आली, आम्ही गाडी आडवी आत घातली. दुधाच्या रिकाम्या कॅनवर बसलेला एक गवळी वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली एवढा वेळ तिच्याकडे बघत होता. लोणावळा आल्यावर त्याने विचारलं, “साहेब, ह्यात किती लिटर बसतं?”

भुशी डॅमच्या रस्त्याला वाहनं अडवलेली होती, त्यामुळे पुढे चालतच. चढ लागला तसे तुलनाराव थांबून सांगू लागले, की बोरघाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, चढ ३७ला १ आहे, आणि हा भुशी डॅमसुद्धा रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेला. मेहुणा ते ऐकत मागून ढकलत होता. घामाने आणि पावसाने तो सारखाच भिजला होता. एवढ्यात वारा सुटला, गाडीचं निळं छत फुगलं, आणि रस्त्याच्या कडेने येणाऱ्या चार पोरांनी ओरडून विचारलं, “काका, कणीस कसं दिलं?”

त्यांचं काही चुकलं नाही. त्या रस्त्यावर छत असलेली, दोन कप्प्यांची, ढकलायची गाडी म्हणजे कणीसवाल्याचीच असते. पुढच्या वळणापर्यंत आणखी तिघांनी भाव विचारला. एका बाईने तर गाठोड्याला हात लावून “भाजलेलं नाही का?” असं विचारलं. मोठीला हे सगळं फार आवडलं. ती खाली उतरली आणि मीच ढकलणार म्हणून हटून बसली. मग रिकाम्या आसनावर मेहुण्याची छत्री, चपला आणि माझी पिशवी गेली. मोठी गाठोड्याला ‘बाळ’ म्हणायला लागली, त्याचे पापे घ्यायला लागली. पाऊस आडवा येत होता. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्यातला बराचसा वरून न पडता समोरून येतो. त्यापुढे कुठल्याही देशाचं छत टिकत नाही. घरी आल्यावर तुलनारावांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर गाठोडं मोजलं आणि फाइलमध्ये लिहिलं: ‘पावसाळी वापर: बाळ अधिक ४०० ग्रॅम.’

त्या भिजलेल्या तांदळाचं काय करायचं या विवंचनेत असताना वहिनी मला हळूच म्हणाल्या, “भाऊजी, हसू नका त्यांना. घाबरलेत ते. रात्री दोघांना कोण बघणार, मोठी रुसली तर काय, मला काही झालं तर काय. याचे रिव्ह्यू कुठे मिळणार? म्हणून गाडीचे वाचत बसतात.”

मी हसायचा थांबलो. पण तेवढ्यात तुलनाराव बाहेर येऊन म्हणाले, की ओल्या तांदळाचे घावन चांगले होतात की आंबोळ्या, याबद्दल मतभेद आहेत. तेव्हा पुन्हा हसू आलंच.

आषाढातल्या एका धो-धो रात्री बाळ झालं. मुलगा, दोन किलो नऊशे. घरी आणल्यावर मोठीने पाळण्यात डोकावून बराच वेळ निरखलं आणि निर्णय दिला, “हे नको. तांदळाचं आण.” सबंध घरात झटपट निर्णय घेणारी तेवढी एकटीच.

सव्वा महिना बाळ उंबऱ्याबाहेर गेलंच नाही. पुढे श्रावण-भाद्रपदाचा पाऊस. नाणे मावळातल्या आजींनी हॉलमधल्या हुकाला जुन्या लुगड्याची झोळी टांगली, मोठी झोके द्यायला लागली आणि रात्रीचा प्रश्न बराचसा मिटला. तरी दसऱ्याला तुलनारावांनी गाडी घेतलीच. पिंपळे सौदागरला एका घरी वापरून झालेली, लोकल जातीची, नवीच्या चौथ्या हिश्शात. पुढचं आसन काढलं की लिफ्टमध्ये मावते, खाली जाऊन पुन्हा बसवायचं. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये तिची नोंद ‘सायकल, एक नग’ अशी आहे. संध्याकाळी तळ्याच्या बाजूला फिरायला निघतात तेव्हा मागच्या आसनावर बाळ झोपलेलं, पुढच्या आसनावर मेथीच्या दोन जुड्या आणि दुधी, आणि दांड्याला लोंबकळत मोठी. ती ढकलते असं तिला वाटतं, ढकलतात तुलनाराव. त्यांना कुणी वाटेत “कशी आहे गाडी?” असं विचारलं, की ते तिथेच थांबतात आणि वहिनी दोन्ही मुलांना घेऊन घरी येतात.

तेव्हा ज्यांच्या घरी हा प्रश्न उभा असेल, त्यांच्यासाठी आमच्या जिन्याचा निकाल असा. जुळी असतील तर बिनघोर घ्या. दोघांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल आणि लिफ्टचं दार ८० सेंटिमीटरच्या पुढे असेल, तरी घ्या. मात्र वापरलेली आणि पावसाळा सरल्यावर. बाळासाठी एक आसन पूर्ण आडवं होतं ना, ते दुकानात नव्हे, स्वतःच्या हाताने करून पाहा. मोठं अडीच वर्षांच्या पुढे गेलं असेल तर हलकी एकआसनी गाडी पुरते, तीच त्याला ढकलायला द्या. जूनच्या रविवारी लोणावळ्याला कुठलीच नेऊ नका. आणि मोजपट्टी लागली तर तुलनाराव आनंदाने देतात. फक्त मागायला जाताना घरून जेवून जा.